आईच्या पिशवीतली फाईल

"लहानपणीच हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता ठणठणीत आहे. मग परत तपासणी कशाला?" आईवडील मला हे हमखास विचारतात. तेव्हा मला वाळपईकडची एक मुलगी आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

वय 24. स्थळं येऊ लागल्यापासून तिची झोप उडाली होती, छातीत धडधडायचं. "ऑपरेशन कसलं झालं होतं?" मी विचारलं. ती आईकडे बघू लागली. आईने कापडी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल काढली. पावसाळी ओलीने कागद एकमेकांना चिकटलेले. एकेक सोडवत आम्ही वाचलं. वयाच्या 4थ्या वर्षी ऑपरेशन, 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात हृदयदोषासाठी. स्वतःच्या आजाराचं नाव ती पहिल्यांदाच वाचत होती. शेवटची तपासणी 15व्या वर्षी.

"एवढी मोठी झाल्यावर लहान मुलांच्या डॉक्टरांकडे कशी न्यायची? मग राहूनच गेलं," आई म्हणाली.

धडधड ताणामुळेच असेल असं धरून चालणं धोक्याचं होतं. या ऑपरेशनात हृदयातलं भोक बुजवतात आणि फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. वाट रुंद करताना तिथली झडप पुष्कळदा गळकी होते. वर्षानुवर्षं रक्त मागे येत राहिलं की उजवा कप्पा फुगतो, ठोके बिघडू शकतात, आणि बराच काळ माणसाला काही जाणवतही नाही. म्हणून ही तपासणी जन्मभराची.

मी त्यांना बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉ) हृदयरोग विभागात पाठवलं. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि 24 तास ठोक्यांची नोंद ठेवणारा होल्टर झाला. झडप गळत होती, कप्पा थोडा वाढला होता. ऑपरेशन लगेच नको, पण दर वर्षी यायचं, असं ठरलं.

आईची खरी भीती नंतर बाहेर आली. "हे सांगितलं तर पोरीशी लग्न कोण करणार?" त्या माउलीने 20 वर्षं उंच गळ्याचे ब्लाउज शिवून तो व्रण झाकला होता. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटेना. पण लपवू नका, हे मी स्पष्ट सांगितलं. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. तो भार या हृदयाला पेलेल का, हे डॉक्टरांनी आधीच बघायला हवं. हे ऑपरेशन झालेल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं नीट होतात, पण देखरेखीखाली. जिला दर वर्षी इस्पितळात जायचंय, तिने सासरी काय सांगून घराबाहेर पडायचं?

मुलगी तोवर गप्पच होती. मग म्हणाली, "आई, फाईल माझ्याकडे दे."

पुढच्या वर्षी दोघी गोमेकॉतून परतताना मला भेटायला आल्या. डॉक्टरांनी विचारल्यावर आजाराचं नाव, ऑपरेशनचं वय, गळकी झडप, सगळं तिनेच सांगितलं होतं. कागदांचे फोटो मोबाइलमध्ये, फाईल तिच्या खांद्यावरच्या पर्समध्ये. आईच्या पिशवीत फक्त डबा आणि पाण्याची बाटली.