सोलापुरात राहतो. 1440पी (2560×1440 पिक्सेलच्या स्क्रीनवरच्या) गेमिंगसाठी भारी ग्राफिक्स कार्ड हवंय, पण बजेट मोजकं आहे. कोणतं घेऊ?

मॉनिटर 1440पी असेल तर सगळ्यात वरच्या कार्डामागे लागू नका. आधी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बघा. नव्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांचे बारकावे) वाढवले की 8 जीबी अपुरी पडते, त्यामुळे किमान 12 जीबी हवीच. माझी पहिली पसंती आरएक्स 7800 एक्सटी, 16 जीबी मिळते. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश-सावली) आणि डीएलएसएस (एआयने फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) हवंच असेल तर आरटीएक्स 4070.

जुनं आरटीएक्स 3080 स्वस्तात दिसेल, पण पूर्ण हिशोब करा. ते 320 वॅट खातं, 4070 फक्त 200. 3080 ला चांगला 750 वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) लागतो. तोही घ्यावा लागला तर वाचलेले पैसे तिथेच जातात. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि कार्डाची सगळी उष्णता तुमच्याच खोलीत फिरते.

तरीही सेकंडहँडच घ्यायचं असेल तर विक्रेत्यासमोर अर्धा तास जड गेम चालवा. हॉटस्पॉट तापमान (चिपच्या सगळ्यात गरम जागेचं) 100 अंशांवर गेलं किंवा पंखा घरघरला, तर सरळ सोडून द्या. बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी जुळवून बघा, नाहीतर वॉरंटीला अडचण येते. आणि हो, पुण्याहून मागवण्याआधी कॅबिनेटमध्ये कार्ड लांबीला बसतंय का ते टेपने मोजा.