वाचकांचे प्रश्न : पात्मोसचा मठ गढीसारखा का?

प्रश्न : ग्रीसमधील पात्मोस बेटावरच्या संत योहानाच्या मठाचे छायाचित्र पाहिले. पांढऱ्याशुभ्र घरांच्या मधोमध करड्या दगडांची उंच तटबंदी आणि वर चर्या दिसतात. साधनेच्या जागेला असा कोट कशासाठी? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमच्या डोळ्यांनी नेमके हेरले आहे. ही वास्तू आरंभापासूनच मठ आणि गढी अशा दुहेरी हेतूने उभी राहिली. इ. स. १०८८ मध्ये बायझंटाईन सम्राट पहिला आलेक्सिओस कोम्निनोस याने ख्रिस्तोदुलोस या साधूला अख्खे पात्मोस बेट करमुक्त इनाम दिले. ख्रिस्तोदुलोसानेही कोस बेटावरील मठाच्या जमिनी सम्राटाला सोडून दिल्या. सोन्याची मुद्रा लावलेली ती सनद आजही मठाच्या संग्रहात जपलेली आहे. आपल्याकडच्या देवस्थानांच्या इनामी सनदा ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना एका कागदाच्या आधाराने एखादी संस्था शतकानुशतके कशी टिकते, हे वेगळे सांगायला नको.

त्या काळी बेट जवळजवळ ओसाड होते आणि समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता. आशिया मायनरमधील लात्रोस पर्वतावरचा आपला मठ तुर्की स्वाऱ्यांमुळे सोडावा लागलेल्या ख्रिस्तोदुलोसाला या धोक्याची पुरेपूर जाणीव होती, म्हणून त्याने टेकडीच्या माथ्यावर भक्कम कोट बांधायला घेतला. प्रवेशद्वाराच्या वर, चालून आलेल्यांवर उकळते तेल ओतण्याची सोयही होती. तरीही हल्ल्यांच्या भीतीने त्याला बेट सोडून एव्हिया या दुसऱ्या ग्रीक बेटावर आश्रय घ्यावा लागला आणि १०९३ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. शिष्यांनी त्याचे पार्थिव पात्मोसला परत आणले. मुख्य चर्चला लागून असलेल्या छोट्या प्रार्थनाघरात त्याचे अवशेष आहेत.

कोटाच्या आश्रयाने पुढे खोरा हे गाव वाढले. १४५३ मध्ये बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) तुर्कांच्या हाती पडल्यावर तेथील निर्वासित कुटुंबे येथे वसली आणि १६६९ नंतर क्रीटहून आलेल्यांची त्यांत भर पडली. माझ्या मते मात्र या भिंतींनी राखलेला सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे मठाचा ग्रंथसंग्रह. हजाराहून अधिक हस्तलिखितांच्या या संग्रहात सहाव्या शतकातील मार्कच्या शुभवर्तमानाची ३३ पाने आहेत. जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने ती लिहिलेली आहेत. याच संग्रहात प्लेटोच्या संवादांची इ. स. ८९५ मध्ये लिहिलेली प्रत होती. १८०१ मध्ये एडवर्ड डॅनियल क्लार्क या इंग्रज प्रवाशाने ती येथून नेली आणि आता ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. ती तेथे सुरक्षित आहे हे खरे, पण जेथे ती इतकी वर्षे जपली गेली तेथेच राहिली असती, तर मला अधिक आनंद झाला असता.

प्रश्न : मुंबईत मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च आहेत. पात्मोसचा मठ त्याच पंथाचा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. नावातील साम्यामुळे ही गल्लत अनेकांची होते. ख्रिस्ताच्या मानवी आणि दैवी स्वरूपासंबंधी इ. स. ४५१ च्या खाल्सेडन येथील धर्मपरिषदेने घेतलेला निर्णय ज्या पौर्वात्य चर्चांनी मान्य केला नाही, त्यांच्या परंपरेत केरळमधून आलेले मलंकरा चर्च मोडते. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने तो निर्णय मानला. पात्मोसचा मठ तर थेट इस्तंबूलमधील कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कच्या, म्हणजे प्रमुख धर्मगुरूच्या, अधिकाराखाली येतो.

प्रश्न : बायबलमधील ‘प्रकटीकरण’ हे पुस्तक याच बेटावर लिहिले गेले का? तेथे गेल्यास काय पाहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात योहान आपण पात्मोस बेटावर असल्याचे सांगतो. सम्राट डोमिशियनच्या काळात, सुमारे इ. स. ९५ मध्ये, त्याला येथे हद्दपार केले होते, अशी चर्चची परंपरा आहे. हा योहान म्हणजे येशूचा शिष्यच, असे परंपरा मानते, तर अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते तो वेगळा असावा. स्काला बंदरातून खोराकडे चढताना साधारण निम्म्या वाटेवर प्रकटीकरणाची गुहा लागते. तिच्या छतातील खडकाला गेलेल्या तीन भेगा त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, खुणा मानल्या जातात आणि योहान डोके टेकत असे ती खोबणही भाविकांना दाखवली जाते. इतिहास आणि श्रद्धा यांतील अंतर मान्य करूनही त्या लहानशा गुहेत थोडा वेळ शांत बसावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मठात देवमातेच्या प्रार्थनाघरातील जुनी भित्तिचित्रे अवश्य पाहावीत. १९५६ च्या भूकंपानंतर वरचा नंतरचा थर दूर झाल्यावर ती उजेडात आली. गुहा, मठ आणि खोरा यांना १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले असले, तरी हा मठ आजही नांदता आहे, म्हणून खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. बेटावर विमानतळ नसल्याने बोटीनेच जावे लागते. शक्य असल्यास ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात जावे. गुरुवारी खोराच्या चौकात मठाधिपती सर्वांसमक्ष बारा भिक्षूंचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगाचे ते स्मरण असते.