उनकेश्वरला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

सर्वात आधी रिसॉर्टची कल्पना डोक्यातून काढा. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं उनकेश्वर गरम पाण्याच्या कुंडासाठी ओळखलं जातं, पण ते मुळात देवस्थान आहे, शांत आणि आडवळणाचं. अंग झाकणारे सुती कपडे न्या, पोहण्याचे नकोत. साबण-शाम्पू कुंडाच्या आसपासही नको.

नागपूरहून हैदराबाद हायवेनं पांढरकवड्यापर्यंत रस्ता सरळ, पुढे किनवटकडे वळायचं. हॉटेलांच्या भरवशावर राहू नका, डबा सोबत असू द्या. जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात आपल्या नागपुरात नळालाच गरम पाणी येतं, त्यासाठी इतक्या दूर कशाला जायचं!

आता मुख्य गोष्ट. पाण्यात गंधक आहे, वास येणारच. चांदीची अंगठी, पैंजण घरी ठेवा, गंधकानं चांदी काळी पडते. आधी टोंगळ्यापर्यंत पाय बुडवून बसा, मग हळूहळू उतरा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतो. एकदम उठलात की डोळ्यांपुढे अंधारी येते. काठ धरून उठा, टॉवेल गुंडाळून बसा, घोटभर पाणी प्या. बीपीची, हृदयाची औषधं चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. त्वचारोग बरे होतात ही लोकांची श्रद्धा. चालू मलम मात्र बंद करू नका.

माहूर जवळच आहे, पण रेणुकामातेचं दर्शन आणि हे एकाच दिवशी कोंबू नका. आराम करायला निघालात ना? शनिवारी दुपारी पोचा, रविवारी पहाटे गर्दीआधी अंघोळ उरका.