नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या फ्रिजमध्ये लेट्यूस, पालक, सांबार (कोथिंबीर) पिकवता येईल का?

येतं भाऊ, हा माझा तिसरा उन्हाळा आहे. तुम्ही विचारलं की घरी जुना सिंगल डोअर फ्रिज पडून आहे, त्यात लाइट लावून मे महिन्यात थंडीतल्या पालेभाज्या निघतील का आणि किती थंड ठेवायचं. तर 18 ते 22 डिग्री, बस. फ्रिजचा कॉम्प्रेसर धड असला तर थंड करायची काळजी नाही, त्रास देते ती आतली ओल, आणि त्याबद्दल आधी कोणीच सांगत नाही म्हणून जरा लांब लिहून राहिलो.

पहिले हे ठरवा की आत लावायचं काय. आपला बाजारातला देशी पालक हा बीटच्या जातकुळीतला, तो गरमी बऱ्यापैकी सहन करतो, गच्चीवर हिरव्या नेटखाली भागतं, त्यासाठी फ्रिजची जागा घालवू नका. विलायती पालक, लेट्यूस आणि सांबार या तिघांना खरी थंडी लागते. गोबी, मटार डोक्यातून काढून टाका, जागा खूप खातात.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट 20 डिग्रीवर थांबतच नाही, खूप खाली नेतो. म्हणून बाहेरून डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर लावायचा, तो फ्रिजचा करंट चालू-बंद करतो, मी 20 वर सेट केलाय, 2 डिग्रीचा फरक आणि कॉम्प्रेसर परत सुरू व्हायला कमीत कमी 3 मिनिटांचा डिले, हा डिले विसरलात तर कॉम्प्रेसर जाऊ शकतो. सेन्सर पानांच्या उंचीवर लटकवा. मी पहिल्या वर्षी तो वर चिलरपाशी चिकटवला होता, डिस्प्ले 19 दाखवायचा आणि खालच्या जाळीवर 27 असायचं, लेट्यूस लांबुळकं होऊन कडू झालं, मला महिनाभर कारणच समजलं नाही.

लाइट साधे एलईडी, 6500 केल्विनचे (म्हणजे पांढऱ्या उजेडाचे) एक फुटी 5 वॅटचे, एका जाळीवर 4. दोन जाळ्यांचे मिळून 40 वॅट, आणि हे सगळेच्या सगळे शेवटी गरमी होऊन आतच राहतात. म्हणून लाइट रात्री चालवा, मी टायमर संध्याकाळी 8 ते सकाळी 8 ठेवलाय, म्हणजे दुपारी जेव्हा बाहेर 45 असतं (2013 च्या मे मध्ये तर 47.9 झालं होतं) तेव्हा आत अंधार असतो आणि कॉम्प्रेसरवर लोड कमी येतो. आधी 14 तास लाइट द्यायचो, लेट्यूस मस्त होतं पण विलायती पालक फुलावर गेला, दिवस मोठा वाटला की त्याला दांडा फुटतो, तेव्हापासून 12 च. फ्रिजची मागची जाळी भिंतीपासून वीतभर लांब आणि कूलरची हवा लागेल अशी ठेवा, नवतप्यात (मेच्या शेवटचे नऊ कडक उन्हाचे दिवस) याचा फार उपयोग होतो.

आता ओल. झाडं जेवढं पाणी पितात ते जवळपास सगळं पानातून हवेत सोडतात, आणि बंद डब्यात ते जाणार कुठे? चिलरवर बर्फ होऊन बसतं, बाकीचं भिंतीवर. एकदा सकाळी सातला दार उघडलं तर लेट्यूसच्या प्रत्येक पानाच्या कडेला ओळीने थेंब, जसे काही मोजून लावले, इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढत बसलो. पण त्याचा अर्थ हवा पाण्याने पूर्ण भरली होती आणि झाडाला जास्तीचं पाणी पानाच्या टोकातून बाहेर टाकावं लागलं. चार दिवसांत सांबाराची रोपं मातीलगत नरम पडून आडवी झाली, पूर्ण ट्रे गेला. त्यानंतर कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा एक पंखा आत 24 तास फिरता ठेवला, दुसरा दर तासाला 10 मिनिटं बाहेरची हवा ओढतो, झाडांना कार्बन डायऑक्साइड पण त्यातूनच मिळतो. मे मध्ये आपली हवा कोरडी असते म्हणून हे जमून जातं. पावसाळ्यात बाहेरूनच ओल येते, मी जूनच्या शेवटी सगळं बंद करतो. पाणी वरची कोकोपीट (मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) बोटाला सुकी लागल्यावरच, आणि चिलरचा बर्फ आठवड्यातून एकदा उतरवा.

बी उगवायला फ्रिज लागतच नाही. 30 डिग्रीच्या वर लेट्यूसचं बी झोपूनच राहतं, तर ट्रे माठाखालच्या ओल्या रेतीवर ठेवा, बी वर फक्त भुरभुरा, मातीत दाबू नका, त्याला उजेड लागतो. धने मात्र हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मग मातीत झाका.

बिलाचं म्हणाल तर प्लग मीटरवर माझं दिवसाला 2 युनिटच्या आसपास येतं. पैशाच्या हिशोबाने सांबार बाजारातूनच आणलेला बरा, पण मे महिन्यात बाजारातली जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि इथे जेवायला बसताना कापलेली चार पानं, तो वास वेगळाच.

आणि एक, वायरसाठी फ्रिजच्या भिंतीत ड्रिल मारू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये गॅसच्या नळ्या बाजूच्या भिंतीतच असतात. मागच्या चिठ्ठीवर आर-600ए लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. मी वायर दाराच्या रबरखालून चपटी करून काढली, आणि पंख्याला हवा ओढायपुरती फट सोडून बाकीची टेपने बंद केली.