बारा-स्वरी संगीत बेसूर का वाटतं? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग ऐकताना कोणीतरी पेटीवर वाटेल तशी बोटं टाकतंय असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मलाही बराच काळ तसंच वाटायचं.

आपला कान षड्ज शोधत असतो, तानपुरा नसला तरी. शोनबर्गने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ही बारा-स्वरी पद्धत बसवली, तिच्यात षड्जच नाही. सप्तकातले बाराही स्वर एका क्रमात मांडायचे, प्रत्येक एकदाच, म्हणजे कुठलाच स्वर घर होऊन बसत नाही. ही माला शेवटाकडून वाजवता येते, चढाच्या जागी उतार करता येतो, दोन्ही एकदम करता येतं. बारा पट्ट्यांत मिळून 48 रूपं होतात. लय कुठली, कुठला स्वर कुठल्या सप्तकात, कुठले एकत्र, हे मात्र रचनाकार ठरवतो.

माझं ऐकाल तर सुरुवात त्याचा शिष्य आल्बान बर्ग याच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोपासून (वाद्यवृंदासोबत एकल व्हायोलिनची रचना) करा. त्याआधी पेटी घ्या आणि त्याची माला सावकाश, चढत चढत वाजवा: सा, कोमल ग, प, शुद्ध नि, रे, शुद्ध म, शुद्ध ध, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. (ऐकताना सोपं जावं म्हणून पहिल्या स्वराला सा म्हटलंय, एवढंच.) यातला पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा! कॉन्चेर्तो सुरू होतो तोच त्या तारांवर. आणि शेवटचे चार स्वर सारख्या अंतरावर चढतात. जुना जर्मन संगीतकार बाख याच्या ‘पुरे झालं’ अशा अर्थाच्या कोरालची (चर्चमधल्या सामूहिक भक्तिगीताची) सुरुवात हुबेहूब तशीच आहे. दुसऱ्या भागात ते कोराल अख्खं येतं. मालेच्या पोटातच होतं ते.

हा कॉन्चेर्तो म्हणजे विलापगीत आहे. बर्गची मैत्रीण आल्मा मालर हिची मुलगी मानोन ग्रोपियुस 1935 च्या एप्रिलमध्ये पोलिओने गेली, अवघ्या 18 व्या वर्षी. बर्गने ‘एका देवदूताच्या स्मृतीस’ म्हणून तो लिहिला आणि त्याच डिसेंबरात स्वतः गेला. पहिला प्रयोग 19 एप्रिल 1936 ला बार्सिलोनात झाला.

शेवट नीट ऐका. व्हायोलिन उंचावर एका स्वरावर थांबतं आणि खालून सुरुवातीचे ते मोकळ्या तारांचे स्वर पुन्हा येतात.