ईक्यूला नंतर हात लाव, आधी खुर्ची सरकव

मित्रा, रूममध्ये स्पीकरचा आवाज मोजून तू पाठवलेला ग्राफ बघितला. ५७ हर्ट्झला, म्हणजे खालच्या बेसमध्ये, आवाज एकदम पडून जो खड्डा दिसतोय ना तो ईक्यूने (इक्वलायझर, ठराविक सूर कमी-जास्त करायचं साधन) भरायला जाऊ नकोस, मी पण सुरुवातीला हाच शहाणपणा केलेला, ६ डीबी वाढवलं म्हणजे अँपकडून चौपट पॉवर मागितली आणि खड्डा जागच्या जागीच, कारण तिथे समोरून जाणारी आणि भिंतीवरून परत येणारी लाट एकमेकींना खाऊन टाकतात, तू जेवढं वाढवशील तेवढं दोन्ही वाढतं. तुझी रूम १० बाय १० फूट आहे, म्हणजे साधारण ३ मीटर, आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे ६ ने भागलंस की ५७ येतं बघ, आणि तू नेमका मधोमध बसलायस! त्यात चौकोनी रूम, लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्ही बाजूंचे मोड (भिंतींमध्ये घुमणारे सूर) एकाच हर्ट्झवर येतात. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या बेडरूमचं हेच दुखणं.

तर खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर आण, मग १०-१० सेंटीमीटर पुढेमागे करत दरवेळी आरईडब्ल्यूमध्ये (रूम ईक्यू विझार्ड, आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) स्वीप घे, म्हणजे खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवून मोज. फुकट आहे ते. माईकची कॅलिब्रेशन फाईल (माईकच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मात्र लोड कर, विसरतात सगळे.

स्पीकर भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर असला की १०० हर्ट्झच्या आसपास अजून एक खड्डा पडतो, म्हणून छोट्या रूममध्ये भिंतीला चिकटवलेलाच बरा, त्याने वाढलेला बेस स्पीकरच्या मागच्या स्विचने कमी कर.

भिंतीवर लावलेले अंड्याचे ट्रे काढून टाक प्लीज, त्यांनी बेस शोषला जात नाही. कोपऱ्यात जाड रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भर, आणि मग ग्राफमधले उरलेले उंचवटे, फक्त उंचवटे हं, ईक्यूने कापायचे.