सस्क्वेहॅना नदीत स्मॉलमाउथ बास हा मासा धरायला कोणता रॉड (गळाची काठी) आणि कोणतं रील (लाइन, म्हणजे दोरी, गुंडाळायची चकरी) घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला नुकतेच आलात, नदी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, बजेट 150 डॉलरचं आहे आणि दुकानात तुम्हाला मीडियम हेवी रॉडवर बेटकास्टिंग रील सुचवलं. ते घेऊ नका. सात फुटी, मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड घ्या आणि त्यावर 2500 आकाराचं स्पिनिंग रील लावा. नदीतल्या स्मॉलमाउथसाठी मला एकच सेट ठेवायला सांगितलं, तर मी हाच ठेवीन.

हे ठामपणे सांगतोय, कारण पहिल्या उन्हाळ्यात मी नेमका तुम्हाला सुचवलेला सेट घेतला होता. मी मूळचा चिपळूणचा. लहानपणी वाशिष्ठीवर बांबूच्या काठीला गरी बांधून गरवायचो. तिथे काठी आमिष फेकत नाही, पोचवते. तुमचा हात जरा लांब होतो, एवढंच तिचं काम. इथे आमिष वीस-पंचवीस मीटर लांब, एका ठरावीक दगडाच्या मागे पडावं लागतं, आणि ते फेकण्याचं काम रॉडच्या वाकण्यातून होतं. हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

स्मॉलमाउथचं आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश (गोड्या पाण्यातल्या कोळंबीला खेकड्याच्या नांग्या लावल्या तर जसा दिसेल तसा जीव) आणि बोटाएवढे छोटे मासे. त्यामुळे इथले ल्यूरही (खोटी आमिषं) हलके असतात: एक अष्टमांश ते तीन अष्टमांश औंस, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेदहा ग्रॅम. मीडियम हेवी रॉडला पाच ग्रॅमचं वजन जाणवतच नाही. तो वाकत नाही, म्हणून फेकतही नाही. बेटकास्टिंग रीलमध्ये तर ल्यूरच्या ओढीने आख्खं स्पूल (ज्यावर लाइन गुंडाळलेली असते तो भाग) फिरावं लागतं. हलक्या ल्यूरमध्ये तेवढा जोर नसतो, आणि आपण जोर लावून फेकलं की ल्यूर मंदावतो, स्पूल मात्र फिरत राहतं आणि लाइनचा गुंता होतो. माझी एक आख्खी संध्याकाळ गुंता कापण्यात गेली आणि समोर मासे पाण्याबाहेर उड्या मारत होते. स्पिनिंग रीलचं स्पूल फेकताना स्थिर असतं, लाइन त्याच्या काठावरून वेटोळी सोडत जाते, म्हणून हलका ल्यूरही लांब जातो.

तेव्हा दुकानात आधी मुठीच्या वर छापलेला आकडा वाचा. ल्यूरच्या वजनाची मर्यादा तिथे दिलेली असते. एक अष्टमांश ते अर्धा औंस असं काहीसं लिहिलेलं हवं. पॉवर म्हणजे रॉडची ताकद आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. या दोहोंत गल्लत होते. फास्ट ॲक्शनचा रॉड मुख्यतः टोकाकडून वाकतो, त्यामुळे तळाशी काय चाललंय ते हाताला कळतं.

आणि या नदीत ते कळणं फार महत्त्वाचं आहे. शहराच्या वरच्या अंगाला रॉकव्हिलचा 48 कमानींचा दगडी रेल्वेपूल पाहिला असेलच (1902 चा आहे). त्या भागात नदी प्रचंड रुंद पण उथळ आहे, आणि खडकांच्या पट्ट्याच पट्ट्या पात्रात आडव्या गेल्यात. ट्यूब जिग (वजनदार हूकवर चढवलेली मऊ, पोकळ नळी, हाही ल्यूरच) त्या खडकांवरून टक् टक् करत वाहत येतो. मासा घेतो तेव्हा दर वेळी हिसका बसतोच असं नाही. कित्येकदा टक् टक् नुसती थांबते, किंवा वजन एकदम नाहीसं होतं. मऊ, सुस्त रॉडवर हे समजत नाही. सात फूट लांबी का, तर प्रवाह लाइनला पोट आणतो आणि ल्यूर ओढून नेतो. टोक उंच धरलं की बरीचशी लाइन पाण्याबाहेर राहते. झाडं वाकलेल्या अरुंद ओढ्यातच जाणार असाल तर साडेसहा फूट चालेल.

रीलमध्ये बेअरिंग किती, हे विसरा. ड्रॅग पाहा. ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की ठरावीक ताणाला लाइन सोडणारा ब्रेक. दुकानात तो थोडा सैल करा आणि लाइन हळू ओढा. अडखळत, झटके देत सुटली तर रील परत ठेवा. फूटभर लांबीचा स्मॉलमाउथसुद्धा उडी मारतो, पुन्हा तळाकडे झेपावतो, आणि अडखळणारा ड्रॅग नेमका त्याच क्षणी दगा देतो. घरी आल्यावर, भारतात जाताना बॅगा मोजायचा हातातला काटा असेल ना, तो लाइनला बांधून ओढा. 8 पौंडी (साधारण 8 पौंडांच्या ओढीला तुटणारा) लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेला तुकडा, असेल तर 2 पौंडाला, म्हणजे सुमारे 900 ग्रॅमला, लाइन सुटायला हवी.

लाइन: 10 पौंडी ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे लीडर म्हणून मीटरभर 8 पौंडी फ्लुरोकार्बन (एकसंध, पारदर्शक लाइन), दोन लाइनी जोडायच्या डबल युनी गाठीने जोडलेलं. ब्रेड ताणला जात नाही म्हणून तळ कळतो, पण खडकावर घासला की तुटतो. तिथे फ्लुरोकार्बन टिकतं, आणि स्वच्छ पाण्यात दिसतही कमी. नुसत्या स्पूलवर ब्रेड घसरतो, म्हणून आधी थोडी मोनोफिलामेंट (साधी नायलॉनची लाइन) गुंडाळा. फेकल्यावर रीलवरची लाइन अडवणारी वाकडी तार हाताने बंद करून लाइन एकदा ताणून घ्या. एवढ्याने निम्मे गुंते टळतात.

पैशांची वाटणी मी अशी करीन: रॉडला साठ-सत्तर डॉलर, रीलला तेवढेच, उरलेले लाइनला. शिमानोचं सेडोना किंवा फ्लूगरचं प्रेसिडेंट या वर्गातलं रील पुरेसं आहे. रॉड घेताना त्यावर रील चढवून द्यायला सांगा आणि पाच मिनिटं हातात धरून उभे राहा. टोकाकडे जड वाटला तर दोन तासांत मनगट भरून येईल.

हा मासा मूळचा या नदीतला नव्हे. 1854 साली ओहायोच्या खोऱ्यातले काही स्मॉलमाउथ रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅक नदीत आणून सोडले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत ते सस्क्वेहॅनातही आले. 2005 पासून इथल्या पिल्लांत रोग दिसू लागला, संख्या घसरली, आणि नदीच्या मोठ्या पट्ट्यात धरलेला बास लगेच सोडण्याचे नियम आले. नियम बदलत असतात. म्हणून लायसन्स काढतानाच (सोळा वर्षं पूर्ण झाली की ते लागतंच) पेन्सिल्व्हेनिया फिश अँड बोट कमिशनची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा. मी हूकच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडने दाबून टाकतो आणि मासा हातात घेण्याआधी हात ओले करतो.

शेवटचं, आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका. शहरालगत डॉक स्ट्रीट धरण आहे. बुटकं, निरुपद्रवी दिसतं. पण त्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि त्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही सुटत नाही. तिथे लोक बुडालेले आहेत. धरणाच्या वर किंवा खाली पाण्यात उतरू नका. डंकॅनन गावाजवळ जुनियाटा नदी येऊन मिळते, सुरुवात त्या बाजूला करा: जुलैत, पाणी गुडघ्याएवढं असताना, काठी टेकत.